ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन की म्युरेन? स्कीच्या सुट्टीसाठी मुक्काम निवडताना

स्वित्झर्लंडमधल्या पहिल्या स्कीच्या सुट्टीसाठी आम्ही घर निवडलं ते फोटो बघून. लाकडी बाल्कनी, कठड्यावर लाल फुलांच्या कुंड्या, समोर आयगर शिखराची काळी भिंत. खाली लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून ६५० मीटर’. ती फुलं उन्हाळ्यातली आहेत, म्हणजे फोटोही उन्हाळ्यातलाच असणार, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. फेब्रुवारीतल्या रात्री आठ वाजता आम्ही स्टेशनवर उतरलो. चार बॅगा, सहा वर्षांची मुलगी, गुडघ्यांनी बेजार सासूबाई, रस्त्यावर काचेसारखा बर्फ, आणि ते ६५० मीटर सगळेच्या सगळे चढाचे. निम्म्या वाटेत सासूबाई एका कुंपणाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, मी आता इथेच राहते. शनिवारी परत निघाल तेव्हा मला इथूनच उचला.”

त्यानंतर बरेच हिवाळे त्या भागात गेले. आता घर बघताना आधी बाल्कनी बघत नाही. एकच गोष्ट बघते: सकाळी दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून पहिल्या लिफ्टमध्ये बसेपर्यंत आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या माणसाचे किती हाल होतील? स्कीच्या सुट्टीत हा प्रवास रोज दोनदा करायचा असतो, तोही प्लास्टिकचे कडक, घोट्यात न वाकणारे बूट घालून आणि खांद्यावर दोन लांब फळ्या घेऊन. त्यात पाऊण तास गेला तर दुपारपर्यंत घरात भांडण होतंच.

मी लिहितेय ते स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउ भागाबद्दल. आपल्याकडची पुष्कळ मंडळी सहलींमधून इंटरलाकेन आणि युंगफ्राउयोख बघून आलेली असतात, त्यामुळे नावं ओळखीची असतात आणि ‘पुढच्या वेळी हिवाळ्यात जाऊ’ हा बेतही इथलाच ठरतो. पण उन्हाळ्यात एक रात्र राहणं वेगळं आणि हिवाळ्यात आठवडाभर संसार मांडणं वेगळं.

आधी माणसं मोजा

कोण कोण जाणार आणि दिवसभर काय करणार, हे कागदावर लिहून काढा. सहा जणांच्या मराठी कुटुंबाचं चित्र साधारण असं असतं: एकाला स्की येते, तिघं पहिल्यांदा शिकणार आहेत (त्यातला एक तिसऱ्या दिवशी सोडून देणार आहे, पण ते अजून त्याला माहीत नाही), आणि दोघं बर्फ बघायला, फोटो काढायला आणि नातवंडांवर लक्ष ठेवायला आलेले आहेत.

एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत, हा आकडा यांच्यापैकी फक्त एकाच्या कामाचा. शिकणारे पहिले तीन-चार दिवस अंगणाएवढ्या सौम्य उतारावर घालवतात, तिथे जमिनीलगतच्या सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. त्यांना तो उतार जवळ हवा. लहान मुलं स्की-शाळेत जाणार असतील तर त्यांना सोडायला आणि आणायला कुणीतरी दिवसातून दोनदा जाणार, म्हणून शाळा भेटते ती जागा नकाशावर शोधा. ती लिफ्टच्या पायथ्याशीच असते असं नाही. ग्रिंडेलवाल्डमध्ये नवशिक्यांचा बोडमी हा भाग फिर्स्ट या डोंगराच्या बाजूला, गावाच्या वरच्या अंगाला आहे. दुसऱ्या टोकाला, आयगर एक्सप्रेस या केबल कारच्या टर्मिनलजवळ घर घेऊन मुलांना रोज बोडमीला सोडणं म्हणजे सकाळभर गाव ओलांडत बसणं.

जे स्की करणार नाहीत त्यांना स्टेशन, दुकान आणि एखादं बसायचं कॅफे सपाट रस्त्याने गाठता यायला हवं. ते नसेल तर ती माणसं आठवडाभर घरात कोंडली जातात, आणि संध्याकाळी आपण दमून आलो की त्यांना मात्र बाहेर पडायचं असतं.

मग गाव

ग्रिंडेलवाल्ड साधारण १०३४ मीटर उंचीवर आहे. रस्ता आहे, रेल्वे आहे, हॉटेलं आणि भाड्याची घरं सगळ्यात जास्त इथेच. गाव लांबट पसरलेलं आहे आणि डोंगरावर जायची दारं दोन टोकांना आहेत. एका टोकाला खाली दरीत टर्मिनल. तिथून मॅनलिखेन डोंगरावर जाणारी गोंडोला (तारेवरचे बंद डबे) आणि डिसेंबर २०२० पासून आयगर एक्सप्रेस सुटते. आयगर एक्सप्रेस पंधरा मिनिटांत २३२० मीटरवरच्या आयगरग्लेचर स्टेशनला नेते. गावाच्या दुसऱ्या अंगाला, स्टेशनपासून दहा-एक मिनिटं चालत, फिर्स्टची गोंडोला. दोन्ही भाग एकाच पासवर असले तरी ते समोरासमोरच्या डोंगरांवर आहेत, एकावरून दुसऱ्यावर स्कीने जाता येत नाही. म्हणून ‘ग्रिंडेलवाल्डमध्ये घर घेतलं’ एवढ्यावर थांबू नका, कोणत्या टोकाला ते ठरवा. सराईत मंडळींना टर्मिनलची बाजू, शिकणाऱ्यांना आणि नुसतं हिंडणाऱ्यांना फिर्स्टची. एक सूचना: २०२० पूर्वी लिहिलेले सल्ले वाचून निर्णय घेऊ नका. टर्मिनल आल्यापासून गावातली सकाळची सगळी वाहतूकच बदलली आहे.

वेंगेन १२७४ मीटरवर आहे आणि तिथे गाडीरस्ताच नाही. खालच्या दरीतल्या लाउटरब्रुनेनहून दातेरी चाकांची रेल्वे साधारण पाव तासात वर नेते. ही रेल्वे १८९३ पासूनची. गाव उन्हाच्या बाजूला, एका पायरीसारख्या सपाटीवर वसलेलं आहे, आणि नवशिक्यांचा उतार चक्क गावाच्या मध्यावर आहे. आजीआजोबा कॅफेत बसून नातवाला पडताना बघू शकतात. वरच्या उतारांसाठी मॅनलिखेनची केबल कार किंवा क्लायने शायडेक या खिंडीकडे जाणारी रेल्वे, दोन्ही गावातूनच. लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर माझं मत वेंगेनला. मोटारी नाहीत, म्हणून मुलांना मोकळं सोडता येतं. स्टेशनवरून बॅगा न्यायला बरीच हॉटेलं विजेवर चालणारी छोटी गाडी पाठवतात. भाड्याच्या घराचा मालक पाठवेलच असं नाही, हे विचारून घ्या. वेंगेनची अडचण जानेवारीच्या मध्यात येते. १९३० पासून चालत आलेली लाउबरहॉर्नची शर्यत तेव्हा असते, उतार साडेचार किलोमीटरच्या आसपास, जागतिक स्पर्धांमधला सगळ्यात लांब. त्या आठवड्यात गाव ओसंडून वाहतं, काही उतार बंद असतात आणि भाडी आभाळाला टेकतात. शर्यत बघायचीच असेल तर जरूर जा, निवांत शिकायचं असेल तर तो आठवडा टाळा.

म्युरेन समोरच्या कड्यावर, साधारण १६४० मीटरवर. तिथेही मोटारी नाहीत. उंचीमुळे गल्लीबोळांत बर्फ असण्याची शक्यता जास्त, आणि वर २९७० मीटरचं शिल्टहॉर्न शिखर. गाव इतकं लहान की या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारत जाता येतं. पण उतार कमी आहेत, काही चांगलेच तीव्र, आणि क्लायने शायडेकच्या बाजूला जायचं तर आधी खाली दरीत उतरावं लागतं. सगळे नवखे असतील तर मी म्युरेन सुचवणार नाही. जाता जाता एक गोष्ट: आज आपण जी स्लॅलम (खांबांमधून नागमोडी घसरण्याची) शर्यत बघतो तिचे नियम घडवणाऱ्या आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये ती भरवली ती याच गावात, आणि हे गृहस्थ जन्मले होते आपल्या मद्रासेत, १८८८ साली. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांना म्युरेनबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

लाउटरब्रुनेन खाली दरीच्या तळाशी, आठशे मीटरच्या आत-बाहेर. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यामुळे ऐन हिवाळ्यात ऊन काही तासच. गावात स्की करण्यासारखं काही नाही, पण वेंगेनची रेल्वे आणि म्युरेनकडे जाणारी केबल कार इथूनच सुटतात, आणि घरं सहसा स्वस्त मिळतात. धडधाकट मित्रांचा गट असेल, साहित्य वर भाड्याने घेऊन वरच ठेवणार असाल, तर हा सौदा चांगला. लहान मुलांना घेऊन रोज गाडी बदलणं मला तरी जमलं नाही.

आणि इंटरलाकेन? ५७० मीटरवर आहे, बर्फ असला तर असला. आठवड्यात एकच दिवस स्की करून बघायची असेल तर ठीक.

उंचीचा मुद्दा वाढदिवसाच्या केकवरच्या आयसिंगसारखा नाही, हल्ली तो पायाशीच येतो. १ जानेवारी २०२३ रोजी आल्प्सच्या उत्तरेला डेलेमाँमध्ये पारा २० अंशांच्या वर गेला होता. जानेवारीत! तेव्हा कमी उंचीवरच्या कित्येक गावांत हिरव्या कुरणांमधून कृत्रिम बर्फाचा एक पांढरा पट्टा तेवढा होता. ग्रिंडेलवाल्डमध्ये राहणार असाल तर ‘स्की करत थेट दारापर्यंत’ हे चित्र मनातून काढून टाका. वर बर्फ उत्तम असतो, खाली यायला गोंडोला असते. वर जाणं आणि परतणं लिफ्टने होईल असंच धरून घर निवडा, दारापर्यंत बर्फ मिळाला तर तो बोनस.

अंतर नव्हे, चढ मोजा

आमची चूक इथेच झाली होती, म्हणून यावर जरा थांबते. भारतातून नकाशा बघताना आपण अंतर बघतो. आल्प्समधल्या गावात अंतराला अर्थ नाही. ग्रिंडेलवाल्डचं स्टेशन १०३४ मीटरवर, खालचं ग्रुंड स्टेशन ९४३ मीटरवर. फरक ९१ मीटरचा. एक मजला तीन मीटरचा धरला तर तीस मजले. स्कीचे बूट घालून, फळ्या खांद्यावर घेऊन पर्वती चढायची कल्पना करा, तीही पायऱ्यांवर बर्फ असताना.

मी असं करते. स्विसटोपो या सरकारी नकाशाचं अ‍ॅप मोफत आहे. त्यात घराची जागा दाबून धरली की समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. मग लिफ्टचा पायथा, स्टेशन, दुकान आणि बसथांबा यांची उंची बघायची आणि वजाबाकी करायची. दहा-पंधरा मीटरचा फरक कुणालाही झेपतो. तीसच्या पुढे गेला तर ज्येष्ठांसाठी घर बाद. पन्नासच्या पुढे गेला तर बसथांबा दाराशी असल्याशिवाय मी विचारही करत नाही.

दुसरी परीक्षा याहून सोपी. स्विस रेल्वेच्या, म्हणजे एसबीबीच्या अ‍ॅपमध्ये ‘कुठून’ मध्ये घराचा पत्ता टाका, ‘कुठे’ मध्ये ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल किंवा फिर्स्टचा पायथा, आणि वेळ सकाळी पावणेनऊ. चालण्यासकट, बससकट पूर्ण वेळ मिळतो. तेच उलटं, दुपारी साडेचारला. मग एकदा रात्री दहाला स्टेशनवरून घरी, कारण एखाद्या दिवशी बाहेर जेवायला जाणारच आणि शेवटची बस आपल्या कल्पनेपेक्षा लवकर जाते. पूर्ण पत्ता आरक्षणाआधी देत नसतील तर निदान जवळच्या बसथांब्याचं नाव मागा. तेही सांगायला टाळाटाळ करत असतील तर का ते समजून घ्या.

चढाच्या घराला एक उतारा आहे: साहित्य घरी आणायचंच नाही. भाड्याने स्की घेतली तर बरीच दुकानं ती रात्री तिथेच ठेवू देतात, आणि टर्मिनलसारख्या ठिकाणी कुलूपबंद स्की-डेपो असतात, त्यांत बूट उबेवर वाळतात. मग घरापासून साध्या बुटांनी, मोकळ्या हातांनी निघायचं. या एका सोयीमुळे दहा मिनिटं लांबचं, स्वस्त घर परवडून जातं. साहित्य घरीच ठेवणार असाल तर इमारतीत स्की-खोली आहे का आणि बूट वाळवायची सोय आहे का, हे विचारा. आतून ओला राहिलेला बूट दुसऱ्या सकाळी पायात घालणं ही शिक्षा आहे.

चढ मोजून झाला की ऊन बघा. ग्रिंडेलवाल्डच्या दक्षिणेला आयगरची साधारण १८०० मीटर उंचीची उत्तर भिंत उभी आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खालूनच जातो, आणि दरीच्या त्या बाजूच्या घरांवर भिंतीची सावली पडून राहते. फिर्स्टच्या पायथ्याकडचा, दक्षिणेला तोंड असलेला उतार उजेडाचा. दिवसभर बाहेर राहणाऱ्याला फरक पडत नाही, घरी थांबणाऱ्या आईवडिलांना फार पडतो.

हॉटेल की घर

दोन-तीन माणसं आणि चार-पाच रात्री असतील तर हॉटेल. ‘गार्नी’ लिहिलेलं असेल तर फक्त नाश्ता मिळेल. ‘हाल्बपेन्सिऑन’ म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. स्कीवरून आल्यावर पुन्हा बाहेर पडून जेवायला जागा शोधायचं त्राण उरत नाही, आणि डोंगरातल्या गावांत भरलेल्या आठवड्यांत टेबलही सहज मिळत नाही, म्हणून रात्रीचं जेवण धरून घेतलेलं बरं पडतं. मात्र तिथे त्या दिवशी जे ठरलेलं असेल तेच ताटात येतं. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लेखी कळवा, अंडं चालतं की नाही हेही. नाहीतर सगळ्याच रात्री चीजच्या वेगवेगळ्या रूपांची ओळख होते.

चारच्या पुढे माणसं असतील तर भाड्याचं घर, तिकडच्या शब्दांत ‘फेरीनवोनुंग’. इथे आपली माणसं हमखास फसतात ती खोल्यांच्या मोजणीत. स्विस जाहिरातीत ‘३½ खोल्या’ म्हणजे तीन बेडरूम नव्हेत. बैठकीची खोली धरून तीन, आणि अर्धी म्हणजे जेवणाच्या टेबलापुरती वाढीव जागा. थोडक्यात आपला टू बीएचके. ‘दोन खोल्या, पाच जणांसाठी’ असं दिसलं तर समजा एक बेडरूम, बैठकीत सोफा-कम-बेड आणि पाचवा माणूस कुठेतरी बंक बेडवर. म्हणून खोल्या किती हे विचारण्यापेक्षा दार लावता येईल अशा बेडरूम किती, बाथरूम किती आणि त्यांपासून वेगळं संडास आहे का, हे विचारा. सहा जणांना साडेआठला बाहेर पडायचंय आणि बाथरूम एक, हे गणित कुठल्याच लिफ्टने सुटत नाही.

पोटमाळ्यावरची घरं फोटोत गोड दिसतात. तिरकं छत, लाकडी वासे, आणि वर जायला जवळजवळ शिडीच. रात्री उठणाऱ्या वडिलांसाठी ती नको. इमारतीला लिफ्ट आहे का आणि घर कितव्या मजल्यावर, हे दोन्ही विचारा. तिथे तळमजला शून्य धरतात, शिवाय उतारावरच्या इमारतीत रस्त्यावरून दिसणारा पहिला मजला मागून तळमजला असू शकतो.

किमतीची तुलना करताना रात्रीचं भाडं बघू नका, आठवड्याचा पूर्ण आकडा काढा. त्यात शेवटची साफसफाई, पर्यटन कर (‘कुरटाक्से’, माणशी आणि रात्रीगणिक), चादरी-टॉवेलचं भाडं आणि अनामत धरा. या करासोबत गेस्ट कार्ड मिळतं. त्यावर स्थानिक बस किंवा इतर काही मोफत आहे का ते पाहा. मग त्या घरामुळे रोज लागणारा बस-रेल्वेचा खर्च मिळवा. लाउटरब्रुनेनचं स्वस्त घर आणि वेंगेनचं महाग घर यांतला फरक या बेरजेनंतर बरेचदा निम्म्यावर येतो. स्कीचा पास किंवा स्विस ट्रॅव्हल पास कोणत्या गाड्यांवर चालतो हे आधी बघून घेतलं तर बेरीज नेमकी होते. ट्रॅव्हल पासवर ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन आणि म्युरेनपर्यंत जाता येतं, त्याच्या वर सवलत मिळते, मोफत नाही.

कुणी ओळखीच्या संकेतस्थळाबाहेर येऊन थेट खात्यात पैसे भरा म्हणालं तर ते घर गावाच्या अधिकृत पर्यटन कार्यालयाच्या यादीत आहे का ते तपासा. कार्यालयाला मेल केला तर उत्तर येतं.

तारखा आणि व्हिसा

हंगामात बरीचशी घरं शनिवार ते शनिवारच देतात. त्यामुळे विमानाची तिकिटं आधी काढून मग घर शोधणं उलटं पडतं. घर आधी, निदान रद्द करता येईल असं. नाताळ ते नववर्ष आणि जवळजवळ पूर्ण फेब्रुवारी ही सगळ्यात महागडी वेळ, कारण स्विस कँटनांच्या (प्रांतांच्या) आणि शेजारच्या देशांच्या शाळांच्या सुट्ट्या पाठोपाठ येतात. जानेवारीचा उत्तरार्ध स्वस्त आणि शांत, पण कडाक्याचा. नवशिक्या भारतीय कुटुंबासाठी मला मार्चचा पहिला पंधरवडा आवडतो. दिवस मोठा, ऊन उबदार, वर बर्फ अजून भरपूर. पण आपल्या मुलांच्या परीक्षा नेमक्या तेव्हाच, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. चांगली घरं त्याआधीच जातात. म्हणजे आरक्षण व्हिसाआधी करावं लागणार, म्हणून रद्द करण्याची अट नीट वाचा: कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत, त्यानंतर किती. आरक्षणाच्या कागदावर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे मागून घ्या. व्हिसासाठीचा विमा किमान ३०,००० युरोंचा असतो, पण त्यात स्की धरलेली असतेच असं नाही. डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणावं लागलं तर तो खर्च कोण देणार, हे पॉलिसीत शोधा.

स्वयंपाकघर

घर घेण्यामागचं निम्मं कारण वरणभात असतो, तेव्हा हे लपवण्यात अर्थ नाही. शेगड्या काचेच्या विजेच्या किंवा इंडक्शनच्या असतात. गॅस जवळजवळ नसतो. कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. हजार मीटरवर पाणी साधारण ९७ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, त्यामुळे कुकरची जागा बॅगेत काढाच. तूप, खवा, पनीर असलं काही भारतातून नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे आणायला बंदी आहे. तूरडाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या झुरिक किंवा बर्नमधल्या श्रीलंकन तमिळ दुकानांत मिळतात. विमानतळावरून थेट गावी जाणार असाल तर डाळ-मसाले घरूनच घ्या आणि भाजी-दूध गावातल्या ‘कूप’ या सुपरमार्केटमधून.

फोडणी करताना चिमणी आहे का बघा. धुराची सूचना देणारं यंत्र असेल तर लाल तिखटाची फोडणी टाळा. आमच्या वेळी यंत्र वाजलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजी काय शिजतंय ते विचारायला वर आल्या आणि पोह्यांची वाटी घेऊन गेल्या. सगळेच शेजारी इतके प्रेमळ नसतात. रात्री दहानंतर आवाज नको हा नियम मात्र सगळीकडे कडक. कचऱ्यासाठी बऱ्याच ठिकाणी कर भरलेल्या ठराविक पिशव्या लागतात, घरात ठेवल्या आहेत का ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

आरक्षणाआधी पाठवायचा मेल

दोन-तीन घरं मनात भरली की मी प्रत्येक मालकाला एकच मेल पाठवते. इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. त्यात एवढंच असतं: रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? तो रस्ता बर्फ पडल्यावर सकाळी किती वाजता साफ होतो? हिवाळ्यात काढलेला, रस्त्यासकट घराचा एक फोटो पाठवाल का? दार लावता येणाऱ्या बेडरूम किती? बूट वाळवायची सोय आहे का? रात्री नऊनंतर पोचलो तर किल्ली कुठे मिळेल? सोबत आमच्यात एका ज्येष्ठ बाईंचे गुडघे दुखतात, हे मी मुद्दाम लिहिते. चांगला मालक त्यावर खरं उत्तर देतो. एकाने तर सरळ कळवलं होतं, ‘आमचं घर तुमच्यासाठी नाही’, आणि खालच्या गल्लीतल्या दुसऱ्या घराचं नाव दिलं. आम्ही आता तिथेच उतरतो. त्या घराला बाल्कनी नाही.

पोचण्याच्या दिवशी एक सांभाळा. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्यूचिनेनला दोन भागांत तुटते, एक भाग ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचून बसा. बॅगा एका भागात आणि माणसं दुसऱ्या भागात, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय.

निघायच्या दिवशी घर बहुधा सकाळी दहापर्यंत रिकामं करावं लागतं आणि विमान असतं रात्रीचं. मालक बॅगा ठेवून घेणार का हे आधी ठरवा, नाहीतर स्टेशनवरची लॉकरं शनिवारी लवकर भरतात. बॅगांची सोय झाली की स्की करणारे दुपारपर्यंत आणखी चार फेऱ्या मारून येतात, आणि बाकीचे स्टेशनसमोर उन्हात कॉफी घेत बसतात. सासूबाईंना आठवड्यातला हाच दिवस सगळ्यात जास्त आवडतो.